चौथ्या डाऊनला मी बंद पडलो नव्हतो

मालक, तुम्ही खोटं बोललात. गळ्यात संघाचा निळा मफलर घालून, सहा कॅमेऱ्यांसमोर उभं राहून, अगदी शांत चेहऱ्यानं खोटं बोललात. "मुख्य कोचचा हेडसेट ऐन वेळी बंद पडला आणि वरच्या खोलीतून उशिरा आलेला खेळ खाली नीट पोहोचला नाही," असं तुम्ही म्हणालात. तुमचं नाव मी इथे घेत नाही. इरी शहरातलं शेंबडं पोरही तुम्हाला ओळखतं, त्यामुळे नावावाचून काही अडत नाही.

मित्रांनो, बंद पडला म्हणतात तो हेडसेट मीच. मी एक जुना हेडसेट आहे. इरी स्टीमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मुख्य कोचच्या डोक्यावर मी नऊ हंगाम बसलो. माझं काम सोपं होतं. एका माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पोहोचवायचं. त्यात भर घालायची नाही, काही गाळायचं नाही, मध्ये तोंड खुपसायचं नाही. ते मी नऊ वर्षं केलं. आता स्टेडियमच्या पोटातल्या एका खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. खोक्यावर जाड पेननं 'नादुरुस्त' लिहिलं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोरेटा नावाच्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या. सोळा वर्षं हेच काम करून त्यांची मान कायमची डावीकडे कलली होती. सेट तयार झाला की त्या तो आपल्या कानाला लावायच्या, दुसरा सेट पलीकडच्या बाकावरच्या मैत्रिणीला द्यायच्या आणि काहीतरी विचारायच्या. माझ्यावर त्यांनी विचारलं, "बेव्ह, शुक्रवारी मासे तळलेस ना, कसे झाले?" बेव्ह म्हणाल्या, "सगळे खाल्ले त्यानं. ताट चाटलं, आणि मग म्हणतो मीठ कमी होतं." लोरेटाबाई हसल्या आणि माझ्या पोटावर हिरवी खूण केली. मला वाटलं, जग म्हणजे एवढंच असणार. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, दोघांनी हसायचं.

मग मी इरीला आलो. इथे सरोवरावरून बर्फ येतो आणि तो कोणाला विचारून येत नाही. माझी देखभाल ऑगी बेम यांच्याकडे होती. संघाची सगळी बोलण्याची यंत्रं ते सांभाळायचे. ऑगींनी माझ्यावर पांढरी पट्टी चिकटवून '१' लिहिलं. सामना झाला की ते मला मऊ फडक्यानं पुसायचे, कानाचा स्पंज घामानं भिजला असेल तर बदलायचे, आणि थंडीत सामन्याआधी मला आपल्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरून मैदानावर न्यायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "बॅटरी गार पडली की आवाज गार पडतो. तुझ्या बायकोला विचार."

माझे कोच म्हणजे ग्लेन ओसोव्स्की. मोठं डोकं, लाल कान, आणि आवाज खोल डब्यातून आल्यासारखा. माणूस सज्जन होता, हे मी आजही सांगतो. पण भित्रा होता. हेही सांगायलाच हवं.

आमच्या खेळाचं सगळं दुखणं चौथ्या डाऊनमध्ये आहे, मित्रांनो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन प्रयत्न संपले आणि थोडं अंतर उरलं, की कोचला ठरवावं लागतं. चौथा प्रयत्न खेळायचा, का पंट करायचा, म्हणजे लाथेनं चेंडू लांब मारून समोरच्यांना देऊन टाकायचा. खेळलो आणि अडलो, तर चेंडू तिथल्या तिथे त्यांचा. पंट केला तरी चेंडू त्यांचाच, फक्त त्यांना लांबून यावं लागतं. ओसोव्स्की पंट करायचे. दहा यार्ड उरले तरी पंट, एक यार्ड उरला तरी पंट. आमच्या बाकामागे एक जाडा माणूस दर रविवारी पेपरोनीचं मसालेदार मांस भरलेला पावाचा गोळा खात बसायचा. तो ओरडायचा, "ए ओसोव्स्की, घरी बायको वाढते तेव्हा ताटपण शेजाऱ्याला देतोस का रे?" लोक हसायचे. कोच मागे वळून बघायचे नाहीत, पण त्यांचा कान माझ्या स्पंजाखाली तापायचा. ते मला कळायचं. दुसऱ्या कोणाला नाही.

ते असे का झाले, ते त्यांनी एकदा ऑगींना सांगितलं होतं. चोवीस वर्षांचे असताना ते एका शाळेच्या संघाचे कोच होते. मोठ्या सामन्यात त्यांनी चौथा डाऊन खेळायला लावला. पोरं अडली, सामना गेला. त्यांचे वडील रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात फिटर होते. पुढे सहा महिने वडिलांच्या जेवणाच्या डब्यावर कोणीतरी रोज खडूनं '४' लिहून ठेवायचं. वडील संध्याकाळी नळाखाली डबा धुवायचे, एवढंच. "पंट करून हरलास तर कोणी डब्यावर लिहीत नाही, ऑगी," कोच म्हणाले होते. "हरण्याचं दुःख नसतं रे. लक्षात राहण्याचं असतं."

सहा वर्षं अशी गेली. आणि मग डेव्हन प्रुइट आले.

डेव्हनचं काम चेंडू आपल्याकडे असताना कोणता खेळ खेळायचा ते सांगण्याचं. ते वर काचेच्या खोलीत बसायचे, समोर आकड्यांचे कागद पसरून. आमची पद्धत अशी होती, की डेव्हननी वरून माझ्यात सांगायचं, कोचनी हो म्हणायचं आणि कमरेचं बटण दाबून तो खेळ क्वार्टरबॅकच्या, म्हणजे मैदानावर चेंडू हाती घेऊन खेळ चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये पोहोचवायचा. डेव्हनना सूर्यफुलाच्या बिया चघळायची सवय होती. बोलण्याआधी एक बी फुटल्याचा आवाज यायचा. मला तो आवाज आवडायला लागला. आता काहीतरी होणार, असं वाटायचं.

पहिल्याच सामन्यात दोघांची जुंपली.

"कोच, खेळू या."

"पंट."

"एक यार्ड आहे, कोच. माझी आजी काढेल एक यार्ड."

"मग आजीला करारावर घे. पंट."

"शंभरात सत्तर वेळा एक यार्ड मिळतो. आणि पंट करून काय मिळणार? तीस यार्ड. तीस यार्डांसाठी आपण सत्तर टक्के फेकून देतो."

"उरलेल्या तीस टक्क्यांत मी आहे, डेव्हन. तू वर आहेस. तिथे हीटर आहे."

डेव्हन हसले. ते रागावले असते तर बहुतेक तिथेच संपलं असतं. पण ते हसले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. दीड वर्ष. मित्रांनो, माणूस माणसाला कसं बदलतो ते मी दोन इंच अंतरावरून ऐकलं आहे. आरडाओरडा करून बदलत नाही.

एका नोव्हेंबरात, बर्फ पडत असताना, दीड यार्ड उरला होता. बी फुटली. डेव्हन म्हणाले, "कोच?" एवढंच. आणि ओसोव्स्की म्हणाले, "बरं. खेळा." चौथा डाऊन मिळाला, सामनाही मिळाला. बाकामागचा जाडा माणूस आपला गोळा हातातच विसरला होता. कोच माझ्यात हळूच म्हणाले, "डेव्हन, माझे पाय थरथरताहेत." डेव्हन म्हणाले, "माझेपण. कोणाला सांगू नका."

मी कोणालाही सांगितलं नाही. आज सांगतो आहे, कारण ते दोघे किती जवळ आले होते ते तुम्हाला कळायला हवं.

त्यानंतर शहर वेडं झालं. आणि मालक, तेव्हा तुम्ही पुढे आलात. 'चौथा डाऊन आमचा' असं छापलेले शर्ट तुम्ही विकायला काढलेत. मुलाखतींत तुम्ही म्हणायचात, "मी यांना सांगूनच ठेवलंय, घाबरायचं नाही." तुम्ही कधीच काही सांगितलेलं नव्हतं. लाइनवर मी होतो. एखादा चौथा डाऊन फसला की त्याच शर्टातले लोक डेव्हनना जुगारी म्हणायचे, पुढच्या रविवारी मिळाला की हुशार म्हणायचे. त्यांचं मी मनावर घेत नाही. ते तिकीट काढून येतात, थंडीत बसतात, त्यांना ओरडू दे. तुमचं मात्र मी मनावर घेतलं आहे.

कारण तुम्ही सतरा नंबरचा सेट मागितलात.

"नुसतं ऐकायला," तुम्ही ऑगींना म्हणालात. लाइनवर मालकानं बोलायचं नाही, असा आमचा नियम होता. ऑगींनी सतरा नंबर तयार केला आणि त्याच्या बोलायच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावली. दोन फेरे, घट्ट. "चुकून हात लागू नये म्हणून, साहेब," ते म्हणाले. तुम्ही त्यांच्या खांद्यावर थाप मारलीत.

आता तो दिवस. उपांत्य सामना, डेटनच्या संघाविरुद्ध, आमच्याच मैदानावर. आम्ही दोन गुणांनी पुढे. एक मिनिट चाळीस सेकंद उरलेले. चेंडू आमच्याकडे, त्यांच्या एक्केचाळीस यार्डांच्या रेघेवर. चौथा डाऊन, एक यार्ड. डेटनकडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट उरला नव्हता, आमच्याकडेही नव्हता. एक यार्ड मिळवला असता तर चेंडू हातात घेऊन नुसते गुडघे टेकत आम्ही घड्याळ संपवलं असतं. सामना तिथेच आमचा झाला असता.

ठरवायला चाळीस सेकंद मिळतात. आणि त्यातले शेवटचे पंधरा उरले की क्वार्टरबॅकच्या हेल्मेटची लाइन आपोआप बंद होते. तो नियम आहे. पंधरा सेकंदांच्या आत देवानंही बटण दाबलं तरी त्या हेल्मेटमध्ये आवाज जात नाही.

बी फुटली. अडतीस सेकंद.

"कोच, खेळू या. कॅलेब मधूनच घुसेल, स्वतः. एक यार्ड आहे."

कॅलेब न्यूसम आमचा क्वार्टरबॅक. बावीस वर्षांचा, पण शांत. कोचनी कमरेच्या बटणावर बोट ठेवलं. त्यांच्या कानातली नस माझ्यावर आपटत होती. मग ते म्हणाले, "खेळू." कोणी ढकललं नव्हतं, कोणी विनवलं नव्हतं. नऊ वर्षांत तो शब्द इतका साधा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी बटण दाबलं. "कॅलेब, खेळायचं. तू मध्ये घुस." मैदानावरून कॅलेबनं अंगठा वर केला. तीस सेकंद.

आणि लाइनवर एक खट्ट आवाज झाला.

"छे छे, अजिबात नाही. लाथ मारून देऊन टाका. ग्लेन, ऐकतोयस ना? देऊन टाक चेंडू."

मालक, तो आवाज मी ओळखतो. मलाच काय, त्या वेळी लाइनवर असलेल्या नऊच्या नऊ सेटना तो ओळखू आला. सतरा नंबरवरून आला होता.

"लाइनवर कोण आहे?" डेव्हन ओरडले. "कोच, सोडा ते, खेळ खाली गेलाय. कॅलेबला हलवू नका."

"ग्लेन, मी काय म्हणतोय."

"कोच, प्लीज. कॅलेबला हलवू नका."

बावीस. एकवीस. मित्रांनो, माझ्या पोटात दोन आवाज होते आणि दोन्ही मी सारख्याच निष्ठेनं पोहोचवत होतो. मालकाचा आवाज मला गिळता आला असता, एक तार सैल सोडता आली असती, तर मी सोडली असती. ज्या बिघाडाचा ठपका माझ्यावर ठेवला, तो बिघाड त्या आठ सेकंदांत मला करता आला असता तर फार बरं झालं असतं. पण लोरेटाबाईंनी तारा पक्क्या जोडल्या होत्या.

कोचनी हात वर केला. "पंट," ते म्हणाले, आधी तोंडातल्या तोंडात, मग मोठ्यानं. "पंटवाले, आत." सहा-सात जण धावत मैदानात शिरले. ज्यांनी बाहेर यायचं होतं त्यांना काही कळेना, कारण कॅलेब त्यांना जागेवर उभं करत होता. कोचनी बटण दाबलं. "कॅलेब..."

पंधरा.

कॅलेबच्या कानात त्याचं नाव गेलं आणि पुढे काही गेलं नाही. तो वळून आमच्याकडे बघत राहिला. मैदानात अकराच्या जागी बारा माणसं, तेरा माणसं, अर्धी एक खेळ घेऊन उभी, अर्धी दुसरा. पंचांनी पिवळं फडकं टाकलं. पाच यार्डांची शिक्षा. एका यार्डाचे सहा झाले. आता पंट करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. केला. चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे गेला आणि नियमानुसार वीस यार्डांवर परत आला. एवढा सगळा गोंधळ केला तो सव्वीस यार्डांसाठी. डेटननं पन्नास सेकंदांत तेवढं आणि वर आणखी अंतर कापलं, शेवटच्या क्षणी खांबांमधून चेंडू मारून तीन गुण घेतले, आणि आम्ही एका गुणानं हरलो.

कोचनी मला डोक्यावरून काढलं. फेकलं नाही. दोन्ही हातांत धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. ऑगी आले आणि मला त्यांच्या हातातून घेतलं.

सोमवारी तुमचं निवेदन आलं. हेडसेट बंद पडला, वरून खेळ उशिरा आला, डेव्हन प्रुइट यांना आजपासून कामातून मुक्त करण्यात येत आहे. ऑगींच्या खोलीतल्या टीव्हीवर मी ते ऐकलं. दुसऱ्या वाहिनीवर दोन शहाणे बसले होते. एक म्हणाला, "हे असंच होणार होतं. सारखा जुगार खेळलात की एक दिवस घर जातं." त्या दिवशी चौथा डाऊन खेळलाच गेला नव्हता, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. धाडसानं जिंकलो तेव्हा नाव तुमचं लागलं, मालक. भीतीनं हरलो, तर नाव डेव्हनच्या धाडसाचं.

मंगळवारी सकाळी ऑगींनी सतरा नंबर खोक्यातून काढला. बटणावर पट्टी नव्हती. पट्टीचा चिकटा तेवढा राहिला होता, त्यात नखाचे ओरखडे. मग त्यांनी मला बॅटरी लावली, माझ्यात फुंकर मारली, एक ते दहा आकडे मोजले आणि दुसऱ्या सेटवर ऐकले. सगळं स्वच्छ. त्यांनी मला चालूच ठेवून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात कोच आले. कोट अंगात, हातात टोपी.

"ग्लेन, याला काही झालेलं नाही," ऑगी म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मला कागद दिलाय सही करायला. एक नंबर नादुरुस्त म्हणून."

"कर सही."

"तू तोंड उघडलंस तर नाही करणार. तू एक वाक्य बोल, मी पट्टीचं सांगतो. लाइनवरची बाकीची पोरंपण बोलतील. तुझ्या तोंडाकडे बघताहेत सगळे."

कोच काही बोलणार होते, पण दार वाजलं. डेव्हन आत आले. हातात एक खोकं, त्यात कागद, मुलींचे फोटो आणि बियांची अर्धी पिशवी.

"तुमच्या खोलीत गेलो होतो. म्हणाले, इकडे आलात," डेव्हन म्हणाले.

"बस ना."

"नको. गाडीत बायको बसली आहे." त्यांनी खोकं माझ्या शेजारी ठेवलं. "कोच, पुढच्या आठवड्यात मला मुलाखतीला बोलावलं होतं. मुख्य कोचच्या जागेसाठी. सकाळी फोन आला, येऊ नका म्हणून. ज्याचा खेळ उशिरा पोहोचतो असा माणूस त्यांना नकोय."

"सहा महिने थांब. लोक विसरतात."

"तुमचं विसरतात. आमच्यासारख्या काळ्या माणसाला दुसरा चान्स किती वेळा मिळालेला बघितलाय तुम्ही? बोटं मोजा. एक हात पुरेल." आवाज चढला नव्हता. "अकरा वर्षांत सात गावं बदलली मी. धाकटीला सारखी नवी शाळा. तेव्हा कुठे एक मुलाखत आली."

"डेव्हन, मी तुझ्यासाठी दहा ठिकाणी फोन करीन."

"फोन नको. उद्या तुम्ही पत्रकारांसमोर बसणार आहात. एवढंच म्हणा, मला स्पष्ट ऐकू आलं होतं. कोणाचं नाव घेऊ नका. माझा खेळ वेळेवर आला होता आणि तुम्हाला स्पष्ट ऐकू आलं होतं."

ऑगी मान खाली घालून फडक्याच्या घड्या घालत होते. कोच टोपी फिरवत होते. मी ऐकत होतो. मला ओरडायचं होतं की हो, स्पष्ट ऐकू आलं होतं, मीच ऐकवलं होतं. पण मी पोहोचवतो ते दुसऱ्याचं. माझं स्वतःचं बोलणं पोहोचवायला माझ्यात तारच नाही.

"माझे वडील," कोच म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "मी विचार करतो."

"विचार करायला चाळीस सेकंद असतात, कोच," डेव्हन म्हणाले. "चौथा डाऊन आहे. एक यार्ड."

त्यांनी खोकं उचललं. दाराशी ऑगींनी त्यांना मिठी मारली. बियांची पिशवी ऑगींच्या हातात देऊन ते गेले. कोचनी टोपी डोक्यावर चढवली. जाताना त्यांनी मला हात लावला नाही.

बुधवारी दुपारी टीव्हीवर कोच दिसले. मालक, तुम्ही उभे होता त्याच खोलीत, त्याच कॅमेऱ्यांपुढे. एका पत्रकार मुलीनं विचारलं, "त्या चाळीस सेकंदांत तुम्हाला नक्की काय ऐकू आलं?"

ओसोव्स्कींनी समोरच्या पाण्याचा घोट घेतला. "मला स्पष्ट काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "हेडसेटमध्ये खरखर होती."

ऑगींनी टीव्ही बंद केला. खिशातून कागद काढला, सही केली, माझी बॅटरी काढली आणि मला खोक्यात ठेवलं. "माफ कर," ते म्हणाले. मला म्हणाले का आणखी कोणाला, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरातल्या, शाळेतल्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर खरंच. त्या पुसा, जपा, ओल्यात टाकू नका. पण वस्तूची काळजी म्हणजे नुसतं फडकं मारणं नाही. आपल्या हातून चुकलं की "पेन चालत नव्हतं", "सायकलचा ब्रेक लागला नाही" असं म्हणू नका. पेन उलटून बोलणार नाही म्हणूनच आपण त्याच्यावर ढकलतो. आणि पेनच्या मागे बहुतेक वेळा एखादा माणूस उभा असतो. वस्तूचं नाव पुढे करून आपण त्यालाच बुडवत असतो. माझ्या मागे डेव्हन प्रुइट होते. ते आता मुलाबाळांसह आठव्या गावात आहेत. एका शाळेच्या संघाला शिकवतात आणि नोकरीचे अर्ज करतात. उत्तर कोणी देत नाही.

कोच ओसोव्स्की, तुमच्यावर मी ओरडत नाही. तुमच्या कानाचा ताप मी नऊ वर्षं सोसला आहे. पण डब्यावर कोणी खडूनं लिहू नये म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या अख्ख्या आयुष्यावर लिहू दिलंत. तेही तुम्हाला स्पष्ट ऐकू येत असताना.

आणि मालक, तुम्ही. मी चालू होतो हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुमचा आवाज माझ्यातूनच गेला. पट्टी कोणी काढली तेही तुम्हाला माहीत आहे, नखं तुमचीच होती. लाइनवरच्या नऊ जणांना माहीत आहे आणि त्या नवांना तुमच्या पगारावर घर चालवायचं आहे, हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून त्यांना विचारू नका. मी तुम्हालाच विचारतो. त्या सहा कॅमेऱ्यांसमोर, त्याच मफलरात उभं राहून, "सतरा नंबरवरून मी बोललो, डेव्हन प्रुइटचा खेळ वेळेवर आला होता," ही दोन वाक्यं तुम्ही कधी बोलणार? बघू, विचार करू, हे मला नको. दिवस सांगा, तारीख सांगा.